शेजारच्या खाटेलाही कळवा: गोव्याच्या आरोग्य खात्याला आणि इस्पितळांना खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री, आरोग्य सचिव, आरोग्य सेवा संचालक आणि गोव्यातल्या लहानमोठ्या सर्व सरकारी-खासगी इस्पितळांचे वैद्यकीय अधीक्षक व मेट्रन यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरजेबद्दल आहे. खरूज म्हटलं की माणूस नाक मुरडतो, विषय बदलतो. गेल्या पावसाळ्यापर्यंत मीही तेच केलं असतं. पण माझ्या आईला, मला, माझ्या दोन भाच्यांना आणि आमच्या मूळ घरी चवथीला जमलेल्या आणखी दोघांना ही खरूज एका इस्पितळातल्या दोन खाटांच्या खोलीतून आली, आणि ती तिथून आली हे त्या इस्पितळाच्या कुठल्याही कागदावर आज नाही. त्या इस्पितळाचं नाव मी लिहिणार नाही. ते सरकारी होतं की खासगी, तेही सांगणार नाही. तिथल्या डॉक्टरांनी आईचा खुबा नीट बसवला, आज ती काठी टेकत तुळशीपर्यंत जाते, त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. मला जे सांगायचं आहे ते सगळ्यांनाच लागू आहे, म्हणून पत्र उघडं लिहिते आहे.

मी सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. जूनच्या शेवटी, पहिल्या मोठ्या पावसात, आई अंगणातल्या शेवाळावरून घसरली. वय 74. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, मग फिजिओथेरपी, अशा अकरा रात्री आम्ही त्या खोलीत काढल्या. पलीकडच्या खाटेवर पेडण्याकडच्या एक आजी होत्या. न्युमोनिया झालेला, शिवाय दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या चालू. मुलगा कारखान्यात पाळीवर, सून घरी दोन लहान मुलांपाशी, त्यामुळे दिवसा त्यांच्याजवळ बहुधा कुणी नसायचं. मी होते. त्यांना पेज भरवली, केस विंचरले, कूस बदलायला हात दिला. रात्री त्या दचकून जाग्या होत आणि अंधारात हात पुढे करत. दोन खाटांच्या मध्ये एक स्टूल मावेल एवढीच जागा. आई पडल्या पडल्या त्यांचा हात धरून ठेवी, त्यांना झोप लागेपर्यंत. शेजारी पडलेल्या माणसाशी आमच्याकडे असंच वागतात.

आजींचे ते हात अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. बोटांच्या सांध्यांवर आणि मनगटांवर जाड करडे-पांढरे पापुद्रे, जुन्या भिंतीचा चुना फुगून सुटावा तसे. नखांखाली काहीतरी भुसभुशीत भरलेलं. सकाळी आया निळी चादर झटकायची तेव्हा खिडकीतल्या उजेडात त्या पापुद्र्यांचा भुगा तरंगताना दिसे आणि मग खाली बसे, जमिनीवर, स्टुलावर, आईच्या पांघरुणावर. राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरांनी एकदा ते हात उलटसुलट करून पाहिले. ‘सोरायसिस असावा, डिस्चार्ज झाल्यावर स्किनच्या ओपीडीत दाखवा,’ एवढं म्हणून पुढच्या खोलीत गेले. आजींना खाज नव्हती. खाजच नाही म्हटल्यावर खरजेचं नाव कुणाच्या मनात येणार?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही घरी आलो. पाच आठवडे काहीच नाही. श्रावण सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील, एका सकाळी आई म्हणाली, “राती न्हीदच पडना गे.” अंग खाजत होतं, दिवसा कमी, रात्री जास्त. आम्ही म्हटलं घाम असेल, पावसाळा आहे, औषधांची उष्णता असेल. मेडिकलमधून एक मलम आणलं. त्यात स्टिरॉइड होतं हे पुढे कळलं. चार दिवस बरं वाटलं, कातडीची लाली उतरली, आतला किडा होता तिथेच राहिला. मग मलाही सुरू झालं. बोटांच्या बेचक्यांत, कमरेला, मनगटाच्या आतल्या बाजूला.

आणि चवथ आली. मूळ घरी चौदा माणसं, पाच दिवसांचा गणपती. माटोळी बांधली, नेवऱ्या तळल्या, रात्री आरत्या झाल्यावर बायकांनी फुगड्या घातल्या. त्यात मीही होते, दोन्ही हात दोघींच्या हातांत. आई खुर्चीत बसून गाणी सांगत होती. झोपायला सगळ्यांना एका ओळीत चटया, मुलं मध्ये, भाचे माझ्या कुशीत. ही खाज साधी नाही असं त्या पाच दिवसांत किती वेळा मनात आलं आणि किती वेळा मी ते मागे सारलं, याचा हिशेब माझा मला माहीत आहे.

चवथीनंतर म्हापशाला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी आईचे हात पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “गेल्या दोन महिन्यांत घराबाहेर कुठे राहिला होता का?” मग मोबाईलला जोडलेलं एक भिंग आईच्या बोटावर धरलं. पडद्यावर एक नागमोडी पांढुरकी रेघ दिसली आणि तिच्या टोकाला इवलासा काळसर त्रिकोण. “हा तो,” बाई म्हणाल्या. आईने चष्मा लावून पाहिलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग मला हळूच म्हणाली, “आता देवघरात कशी जाऊ?”

माझ्या आईने आयुष्यात कधी पारोशा अंगाने चुलीपाशी पाऊल टाकलं नाही. तिला हा प्रश्न पडावा, याचं मला फार वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. खरूज घाणीने होत नाही. खरजेचा किडा, ज्याला शास्त्रात सार्कोप्टिस स्कॅबिआय म्हणतात, तो माणसाच्या कातडीवर जगतो आणि कातडीवरून कातडीवर जातो, ती कातडी रोज दोनदा धुतलेली का असेना. मादी जेमतेम 0.3 ते 0.4 मिलिमीटर लांब. कातडीच्या वरच्या थरात ती बीळ करत पुढे सरकते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. हा किडा भिंगातून पाहून खरजेचं कारण तोच आहे, हे इटलीच्या बोनोमो यांनी 1687 मध्ये एका पत्रातून जगाला सांगितलं. त्या पत्रात लिव्हॉर्नोच्या गुलामांचा उल्लेख आहे. ते सुईच्या टोकाने एकमेकांच्या कातडीतून हे किडे काढत. ज्यांना कुणी विचारत नव्हतं ते एकमेकांचे हात हातात घेऊन बसत होते, हे वाचताना मला आमची ती खोली आठवली.

साध्या खरजेत एका माणसाच्या सगळ्या अंगावर मिळून असे 10 ते 15 किडे असतात. तेवढेच. मात्र म्हातारपणामुळे, स्टिरॉइडमुळे, अर्धांगवायूमुळे किंवा दुसऱ्या कुठल्या आजाराने शरीराचा प्रतिकार मंदावला, की हीच संख्या हजारांवर, लाखांवर जाते. कातडीवर जाड खपल्या धरतात आणि खाज फारशी नसते, कधी नसतेच. नॉर्वेत कुष्ठरुग्णांमध्ये डॅनियलसन आणि बोएक यांनी 1848 मध्ये याचं वर्णन केलं म्हणून बरीच वर्षं हिला नॉर्वेजियन खरूज म्हणत. आता खपल्यांची खरूज म्हणतात. आजींना हीच होती. डॉक्टरांना सोरायसिस वाटला यात मी त्यांना दोष देत नाही, हे दोन्ही सारखे दिसतात आणि जाणती माणसंही फसतात. पण न्युमोनियाच्या रुग्णाच्या हातावर असे पापुद्रे दिसले, तर एक पापुद्रा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं.

घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात केनेथ मेलनबी यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग केले होते. खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले कपडे त्यांना घालायला लावले, त्यांच्याच कांबळ्यांत झोपवलं. फारच थोड्यांना खरूज लागली. साधी खरूज पसरायला कातडीला कातडी बराच वेळ लागून राहावी लागते. दरवाज्याच्या कडीला हात लावल्याने किंवा भेटायला येऊन गेल्याने ती होत नाही. खपल्यांच्या खरजेची गोष्ट निराळी. तिथे गळालेला प्रत्येक पापुद्रा किड्यांनी भरलेला असतो. अंगावरून सुटलेला किडा साधारण दोन-तीन दिवस जगू शकतो आणि गारवा व ओल असेल तर जास्त तग धरतो. आपल्या पावसाळ्यात, एसी लावलेल्या खोलीत, न वाळलेल्या ब्लँकेटमध्ये गारवाही असतो आणि ओलही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले तिथे येते.

आयुष्यात पहिल्यांदा खरूज होते तेव्हा किडा अंगावर आल्यापासून खाज सुटेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. खाज किड्याच्या चावण्याची नसते. त्याच्या मळाची आणि अंड्यांची शरीराला ॲलर्जी येते त्याची असते, आणि ती यायला तेवढे दिवस लागतात. या काळात माणूस ठणठणीत दिसतो आणि तरीही दुसऱ्याला खरूज देत असतो. इस्पितळात दाखल झाल्यावर 48 तासांनंतर जो संसर्ग दिसतो तो इस्पितळातला धरायचा, असा ढोबळ नियम आहे. पण 48 तासांनंतरच्या त्या काळात रुग्ण खाटेवर असायला हवा ना? आई अकरा रात्री राहिली. ती खाजवायला लागली तेव्हा त्या खाटेवर तिच्यानंतरचे किती रुग्ण येऊन गेले असतील कुणास ठाऊक. तिथे जे झालं ते दिसलं आमच्या घरी, पाच आठवड्यांनी, आणि आम्ही ते मेडिकलच्या काउंटरवर नेलं. इस्पितळाच्या वहीत ते उमटायला वाटच नव्हती.

संसर्ग नियंत्रण समित्या असतात, मला माहीत आहे. त्या लघवीच्या नळीचा संसर्ग मोजतात, व्हेंटिलेटरवरचा न्युमोनिया मोजतात, शिरेतल्या लाइनचा संसर्ग मोजतात, ऑपरेशनच्या जखमेवर 30 दिवस लक्ष ठेवतात, आणि आत धातूचं काही बसवलं असेल तर 90 दिवस. आईच्या खुब्यात बसवलं आहे. त्यामुळे तिची जखम तीन महिने कुणाच्या तरी यादीत होती, आणि त्या जखमेच्या भोवतीच्या कातडीत किडे बिळं करत होते ते कुणाच्याच यादीत नव्हते. डिस्चार्जनंतर दहाव्या दिवशी आम्हाला फोनही आला होता. एका गोड आवाजाच्या मुलीने विचारलं, सेवा कशी वाटली, जेवण कसं होतं, पाचपैकी किती गुण द्याल. मी पाच दिले. म्हणजे आमचा नंबर इस्पितळाकडे होता, फोन करायला माणूस होतं, वेळही होता.

आजींचं निदान झालं होतं. हे मला ऑक्टोबरमध्ये कळलं. त्या आमच्यानंतर चार दिवसांनी घरी गेल्या, महिन्याभराने दुसऱ्या एका ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवल्या, तिथे खरवडून पाहिलं आणि खपल्यांची खरूज निघाली. मुलाने तो कागद पुढच्या तपासणीला पहिल्या इस्पितळात नेऊन दाखवला. कागद फाइलला लागला. ऑगस्टचा दुसरा आठवडा होता तो. आई तेव्हा नुकती खाजवायला लागली होती, चवथीला अजून तीन-चार आठवडे होते. त्या दिवशी कुणी आमचा नंबर फिरवून एवढंच म्हटलं असतं की ‘तुम्ही अमुक तारखांना ज्या खोलीत होता तिथे खरजेचा संसर्ग होता, खाज असो वा नसो, घरातल्या सगळ्यांनी डॉक्टरांना दाखवा’, तर चौदा माणसं एका ओळीत झोपण्याआधी आम्ही बरे झालो असतो.

मागायचं ते एवढंच. खोलीत राहणाऱ्या एका रुग्णाला अंगावरून दुसऱ्याला जाणारा परजीवी आजार निघाला, मग तो दाखल असताना निघो की डिस्चार्जनंतर, तर त्या दिवसांत त्या खोलीत असलेल्या बाकीच्या रुग्णांना आणि त्यांच्याजवळ राहिलेल्या माणसांना कळवलं पाहिजे. फोन करून. मागच्या सहा आठवड्यांतल्या सगळ्यांना.

हे गोव्याला नवीन नाही. मलेरिया हाही परजीवीचाच आजार. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत त्याने डोकं वर काढलं आणि मग किनारपट्टीभर पसरला, ते दिवस माझ्या वयाच्या लोकांना आठवतात. तेव्हापासून खात्याने काय केलं ते आम्ही पाहिलं आहे. एका घरात मलेरिया निघाला की खात्याची माणसं आजूबाजूच्या घरांत जातात, ताप असलेल्यांचं रक्त घेतात, विहिरी आणि टाक्या तपासतात. बांधकामावरच्या मजुरांचं रक्त तपासून त्यांना आरोग्य कार्ड द्यायची पद्धत याच खात्याने घातली. कुणी म्हणालं नाही की शेजाऱ्याला कळवलं तर रुग्णाची बदनामी होईल. एका तापामागून दहा घरं चालत जाणारं खाते एका खाटेवरून शेजारच्या खाटेपर्यंत का जाऊ शकणार नाही? मध्ये तर एक स्टूल आहे.

मी त्या इस्पितळात गेले होते, चौकशीला. काउंटरवरच्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, इथूनच झाली कशावरून?” प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. पण कशावरून ते शोधायचं कुणी? मी त्यांना आजींचं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, दुसऱ्या पेशंटची माहिती देता येत नाही. मला आजींची माहिती नकोच होती, ती मला इस्पितळापेक्षा जास्त होती. नाव न घेता, खाट न सांगता, फक्त तारखा सांगून कळवता येतं. कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी तसे फोन घेतले आहेत आणि केले आहेत.

दुसरी अडचण मला एका मेट्रनबाईंनी सांगितली, दुसऱ्या इस्पितळातल्या, आमच्या ओळखीच्या. त्या म्हणाल्या, आमच्याकडे खाटा नाहीत, सिंधुदुर्गातून, कारवारहून लोक येतात, व्हरांड्यात झोपवायची पाळी येते, खरजेला वेगळी खोली कुठून आणू? त्यांचं म्हणणं खरं आहे आणि त्यांचे हाल मी पाहिले आहेत. पण साध्या खरजेला औषध लावल्यानंतर एक दिवस वेगळं ठेवलं तरी पुरतं. खपल्यांच्या खरजेला मात्र जास्त दिवस लागतात, तिथे खोली हवीच, आणि असे रुग्ण थोडे असतात. खाटेभोवती पडदा, हातमोजे, बाह्या झाकणारा गाउन, त्या रुग्णाला त्याचाच बीपीचा पट्टा, हे खोली नसली तरी करता येतं. आणि हात साबणपाण्याने धुणं, कारण भिंतीला लावलेल्या बाटलीतल्या सॅनिटायझरने हा किडा मरत नाही. हे मला माहीत नव्हतं. दिवसातून वीस वेळा तो चोळून मी आजींना पेज भरवत होते.

चादरींबद्दल दोन शब्द. चादर रोज बदलली जायची, ती स्वच्छ असायची, त्याबद्दल तक्रार नाही. ब्लँकेट मात्र अकरा दिवसांत एकदाही बदललं नाही. उशीला रेक्झिन नव्हतं. कपडे 60 अंशांच्या पाण्यात धुतले आणि कडक उष्णतेत वाळवले तर किडा मरतो, आणि जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवलं तरी मरतो. याला पैसा लागत नाही. एक रुग्ण गेला आणि दुसरा आला तर मधल्या वेळात ब्लँकेटही बदलावं, एवढी ओळ वॉर्डच्या भिंतीवर लिहिली तरी चालेल. आणि हे केवळ खरजेसाठी नाही. मुलांच्या वॉर्डात बारीक जंतांची अंडी चादरीवर दोन-तीन आठवडे टिकतात, एकाच संडासात जाणाऱ्यांमध्ये जिआर्डिया हा जुलाब लावणारा परजीवी फिरतो, मच्छरदाणी नसलेल्या मलेरियाच्या रुग्णाला चावलेला डास शेजाऱ्यालाही चावतो. प्रत्येकाची वाट वेगळी आहे, खोली तीच आहे.

औषधांची अडचण नाही. पर्मेथ्रिनचं 5 टक्क्यांचं मलम मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत रात्रभर लावायचं, आठवड्याने पुन्हा एकदा. किंवा आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनाप्रमाणे, एक ते दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा, डॉक्टरांच्या सल्ल्याने. गरोदर बायांना आणि 15 किलोच्या आतल्या मुलांना त्या देत नाहीत. आयव्हरमेक्टिन हे नाव गोव्यात घरोघर पोचलं आहे. मे 2021 मध्ये सरकारने 18 वर्षांवरच्या सर्वांना कोविडसाठी ते देण्याची घोषणा केली होती, त्यावरून केवढा वाद झाला होता ते सर्वांना आठवत असेल. कोविडवर ते चालतं असं सिद्ध झालं नाही. खरजेवर ते चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये खरजेचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत समावेश केला आहे. तेव्हा एका राज्यातल्या सगळ्या माणसांपर्यंत एक गोळी पोचवायची तयारी ज्यांनी दाखवली, त्यांनी एका खोलीतल्या चार माणसांपर्यंत ती पोचवावी, ही माझी मनापासून विनंती आहे. मात्र सगळ्यांना एकाच दिवशी औषध मिळालं पाहिजे, खाज नसलेल्यांनाही. एकाने आज आणि दुसऱ्याने पुढच्या सोमवारी घेतलं तर खरूज घरातल्या घरात फिरत राहते. आम्ही हे एकदा चुकलो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं.

यात एक गट असा आहे की ज्याच्याविषयी मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. चादर झटकणारी ती आया. ती कंत्राटावर होती, दिवसाच्या मजुरीवर. तिच्या हातावर मी शेवटच्या दिवसांत बारीक पुरळ पाहिला होता. विचारलं तर म्हणाली, फिनेलने होतं. फिनेलने झाला असेलही. पण खरूज असती तर तिने सांगितलं असतं का? सांगितलं असतं तर कामावरून परत पाठवली असती आणि त्या दिवसांचे पैसे गेले असते. आयांना, वॉर्डबॉयना, लाँड्रीत काम करणाऱ्यांना औषध फुकट आणि औषध लावल्यानंतरच्या दिवसाची रजा पगारी, एवढं तरी कंत्राटातच लिहा. नाहीतर खरूज त्यांच्या हातांतून वॉर्डभर फिरेल आणि शिक्षा मात्र त्यांनाच मिळेल.

‘खाज तर आहे, मरतंय का कुणी,’ असं मला एका सुशिक्षित माणसाने म्हटलं, म्हणून हेही लिहिते. खाजवून कातडी फुटते, त्यात जंतू शिरतात, मुलांमध्ये त्यातून मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. माझ्या धाकट्या भाच्याच्या पायावरच्या फोडांत पू झाला होता. आठ वर्षांचा मुलगा, शाळेत त्याच्या बाकावर कुणी बसेना. मी स्वतः शिक्षिका आहे, वर्गात एका बाकावर एकटं बसवलेलं मूल कसं दिसतं ते मी रोज ओळखू शकते, आणि हे मूल माझ्या घरातलं होतं आणि मीच त्याला हे दिलं होतं.

म्हणून मी फोन करायला बसले. चवथीला आलेल्या सगळ्यांना, फुगडीत ज्यांचे हात धरले त्या बायकांना, शाळेतल्या माझ्या सहकारी बाईंना. पहिल्या फोनला तोंडातून शब्द फुटेना. ‘खरूज’ म्हणायच्या ऐवजी मी ‘स्किनचं काहीतरी’ म्हणाले आणि समोरच्या बाईंना काही कळलं नाही. दुसऱ्या फोनपासून सरळ सांगायला लागले. एकीने ठेवून दिला. बाकीच्यांनी ऐकलं, दोघी म्हणाल्या आम्हालाही रात्री खाजतंय पण बोलणार कसं. एकोणीस फोन झाले, दोन संध्याकाळी गेल्या.

विसावा फोन पेडण्याला केला. आजींच्या मुलाचा नंबर आईने डायरीत लिहून घेतला होता, गोव्याबाहेरचे चांगले वैद्य सांगतो म्हणाला होता तेव्हा. तेव्हाच मला आजींच्या निदानाचं कळलं. त्यांच्या घरी सगळ्यांनी औषध घेतलं होतं. “तुमच्या आईंनाही झालं?” तो म्हणाला, आणि मग काही वेळ दोघंही गप्प राहिलो. मग त्याने सांगितलं की कागद दाखवला त्या दिवशी त्याने तिथल्या सिस्टरना विचारलं होतं, शेजारच्या खाटेवरच्या काकूंना कळवायला पाहिजे का. त्या म्हणाल्या, डॉक्टर बघतील. त्याच्याकडे आमचा नंबर नव्हता.

आमच्याकडे तारखांसकट सगळे कागद आहेत, आईचे आणि, मुलाने स्वतःहून परवानगी दिली म्हणून, आजींचेही. आपल्यापैकी कुणी बसून पाहायला तयार असेल तर मी ते घेऊन येईन. शनिवारी शाळा दुपारी सुटते, पणजीला चार वाजेपर्यंत पोचता येतं.

आपली नम्र,
सत्तरी तालुक्यातील एक शिक्षिका